क्रिस्टोफर स्ट्रेची

क्रिस्टोफर स्ट्रेची (जन्म : १६ नोव्हेंबर १९१६, हॅम्पस्टेड, लंडन, मृत्यू : १८ मे १९७५, ऑक्सफर्ड) हे ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ होते. एकाच संगणकावर अनेक आज्ञावल्या एकमेकींना धक्का न लावता एकाच वेळी चालवता याव्यात, यासाठीची योजना त्यांनी १९५९ साली मांडली. आज एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे (व्हर्च्युअल मशीन) उभारून त्यांचे व्यवस्थापन केले जाते. त्या व्यवस्थेच्या पूर्वेतिहासात स्ट्रेची यांचे नाव दोन ठिकाणी येते : १९५१ साली त्यांनी लिहिलेल्या, संगणकाला स्वतःचीच नक्कल करायला लावणाऱ्या आज्ञावलीमुळे आणि १९५९च्या या योजनेमुळे. संगणकभाषांच्या गणिती अर्थविचाराचे ते एक संस्थापक मानले जातात. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे ते संगणनशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. संगणकाच्या क्षेत्रात येण्यापूर्वी सुमारे सात वर्षे ते शाळेत शिकवत होते.

घराणे

स्ट्रेची घराण्याचा भारताशी जुना संबंध होता. क्रिस्टोफर यांचे आजोबा सर रिचर्ड स्ट्रेची हे लष्करी अभियंता म्हणून भारतात आले आणि पाटबंधारे, रेल्वे, सार्वजनिक बांधकाम अशा खात्यांत त्यांनी दीर्घकाळ काम केले. १८७६ ते १८७८ या वर्षांत मुंबई व मद्रास इलाख्यांत मोठा दुष्काळ पडला. सोलापूर, सातारा, अहमदनगर या भागांची त्यात दैना झाली. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष हेच रिचर्ड स्ट्रेची होते. आयोगाचा अहवाल १८८० साली आला आणि पुढील काळातील दुष्काळसंहिता त्याच्या आधारे तयार झाल्या. महाराष्ट्रातील वाचकाला स्ट्रेची हे नाव ओळखीचे वाटले, तर ते बहुधा या संदर्भातून.

वडील ऑलिव्हर स्ट्रेची यांनीही काही वर्षे भारतातील रेल्वेत नोकरी केली होती. मायदेशी परतल्यावर ते ब्रिटिश सरकारच्या गुप्तलेखन उकलणाऱ्या विभागात गेले आणि दोन्ही महायुद्धांत त्यांनी शत्रूचे संदेश उलगडण्याचे काम केले. आई रे स्ट्रेची या स्त्रियांच्या मताधिकार चळवळीतील कार्यकर्त्या व लेखिका होत्या. चरित्रकार लिटन स्ट्रेची आणि फ्रॉइडच्या ग्रंथांचे इंग्रजी अनुवादक जेम्स स्ट्रेची हे क्रिस्टोफर यांचे काका. लेखक, चित्रकार व अर्थशास्त्रज्ञ यांच्या ब्लूम्सबरी वर्तुळाशी हे कुटुंब निगडित होते आणि क्रिस्टोफर यांचे बालपण याच परिसरातील गॉर्डन स्क्वेअर येथील घरात गेले. घरात कोडी, शब्दखेळ आणि वादविवाद यांची रेलचेल असे.

शिक्षण आणि युद्धकाळ

नॉरफोकमधील ग्रेशॅम्स शाळेत शिकून १९३५ साली ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. ॲलन ट्युरिंग त्या वेळी याच महाविद्यालयात फेलो होते आणि दोघांची ओळख तेथेच झाली. तिला फळ मात्र सोळा वर्षांनी आले. महाविद्यालयीन जीवनात स्ट्रेची यांचे अभ्यासापेक्षा इतर गोष्टींकडेच अधिक लक्ष असे. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस मानसिक आजारामुळे शिक्षणात खंड पडला. पुढे परतून त्यांनी पदवी पूर्ण केली, पण ती कनिष्ठ द्वितीय श्रेणीत. संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

त्यानंतर लंडनच्या स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स या कंपनीत ते भौतिकीतज्ज्ञ म्हणून लागले. युद्धकाळात तेथे रडारसाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉन नलिकांवर काम चाले. त्यातील समीकरणे हाताने सोडवणे फार वेळखाऊ होते, म्हणून त्यांनी डिफरेन्शियल ॲनलायझर या यांत्रिक गणकयंत्राचा उपयोग केला. गणनेचे काम यंत्रावर सोपवण्याची गोडी त्यांना येथे लागली.

शिक्षकी पेशा

युद्ध संपल्यावर १९४५ साली स्ट्रेची यांनी कँटरबरी येथील सेंट एडमंड्स स्कूलमध्ये शिक्षकाची नोकरी धरली. १९४९ साली ते हॅरो या नामांकित शाळेत गेले. गणित व विज्ञान शिकवणारे एक उत्साही मास्तर, एवढीच त्यांची या काळातील ओळख होती. अनेक चरित्रलेखांत ही सात वर्षे एका वाक्यात उरकली जातात, ते योग्य नाही. गुंतागुंतीची गोष्ट समोरच्याला कळेल अशा लहान पायऱ्यांत मांडायची, ही शिक्षकाची सवय त्यांच्या पुढील सर्व लेखनात उतरलेली दिसते. आणि आज्ञावली लिहिणे म्हणजे तरी वेगळे काय असते?

जानेवारी १९५१ मध्ये एका मित्राच्या मध्यस्थीने त्यांची नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील माइक वुजर यांच्याशी भेट झाली. या प्रयोगशाळेत पायलट एस हा संगणक नुकताच कामाला लागला होता. स्ट्रेची यांनी एक दिवस तेथे घालवला, यंत्राची माहिती करून घेतली आणि शाळेत परतून फावल्या वेळात ड्राफ्ट्स या खेळाची आज्ञावली कागदावर लिहू लागले. ड्राफ्ट्स म्हणजे बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्यांनी खेळला जाणारा खेळ. जुलै अखेरीस ही आज्ञावली यंत्रावर चालवून पाहिली, परंतु तिच्यातील चुका आणि यंत्राची अपुरी स्मृती यांमुळे तो प्रयत्न फसला.

स्वतःची नक्कल करणारे यंत्र

दरम्यान मँचेस्टर विद्यापीठात फेरांटी मार्क १ हा अधिक स्मृती असलेला संगणक आला होता आणि ट्युरिंग तेथेच काम करत होते. या यंत्रासाठी आज्ञावली कशी लिहावी याची मार्गदर्शिका ट्युरिंग यांनीच लिहिली होती. ती अत्यंत क्लिष्ट असल्याची ख्याती आहे. स्ट्रेची यांनी ती मागवून घेतली, बारकाईने वाचली आणि जुलै १९५१ मध्ये ते मँचेस्टरला गेले. ड्राफ्ट्सविषयी त्यांचे बोलणे ऐकल्यावर ट्युरिंग यांनी त्यांना दुसरेच काम सुचवले : या संगणकाला याच संगणकाची नक्कल करायला लावणारी आज्ञावली लिहिणे.

हे काम म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. सामान्यतः आज्ञावलीतील एकेक आज्ञा यंत्र वाचते आणि तिच्याप्रमाणे वागते. स्ट्रेची यांच्या योजनेत तपासायची आज्ञावली यंत्राला थेट दिलीच जात नसे. ती केवळ माहिती म्हणून स्मृतीत ठेवली जाई. स्ट्रेची यांची आज्ञावली तिच्यातील पहिली आज्ञा वाची, ही आज्ञा खऱ्या यंत्राने पाळली असती तर संचयकात कोणता आकडा आला असता हे काढी, तो आकडा स्मृतीत त्यासाठी राखून ठेवलेल्या जागी लिही आणि मग पुढच्या आज्ञेकडे वळे. म्हणजे यंत्राच्या आत त्याच यंत्राची कागदोपत्री प्रतिमा चालत असे. ही रीत फार संथ होती, कारण नकलेतील एका आज्ञेसाठी खऱ्या यंत्राला अनेक आज्ञा पाळाव्या लागत. लाभ असा, की प्रत्येक पायरीवर काय घडले ते छापून घेता येई आणि चूक नेमकी कोठे आहे ते सापडे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत स्ट्रेची यांनी ही आज्ञावली लिहिली. ती सुमारे एक हजार आज्ञांची झाली. त्या यंत्रासाठी तोपर्यंत कोणीही एवढी मोठी आज्ञावली लिहिली नव्हती. लेखकाने मात्र त्यापूर्वी मार्क १ एकदाही हाताळला नव्हता. ट्युरिंग यांनी त्यांना यंत्र कसे वापरायचे ते भरभर सांगितले आणि रात्रभरासाठी ते त्यांच्या स्वाधीन करून ते निघून गेले. सकाळपर्यंत किरकोळ चुका दुरुस्त होऊन आज्ञावली चालू लागली होती. काम संपताच यंत्राच्या भोंग्यातून इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजेल, अशी तजवीजही स्ट्रेची यांनी तिच्या शेवटी करून ठेवली होती. एका रात्रीत शाळामास्तराचे नाव मँचेस्टरमध्ये सर्वतोमुखी झाले.

मार्क १चा भोंगा मुळात यंत्रचालकाला सूचना देण्यासाठी होता. ठरावीक आज्ञा ठरावीक वेगाने पुन्हा पुन्हा दिल्यास त्यातून निरनिराळे स्वर निघतात, याचा स्ट्रेची यांनी उपयोग केला. त्याच वर्षी बीबीसीने या यंत्राच्या संगीताचे ध्वनिमुद्रण केले. संगणकनिर्मित संगीताच्या आज उपलब्ध असलेल्या ध्वनिमुद्रणांत ते सर्वांत जुने मानले जाते. मूळ तबकडीवरील स्वरांचा वेग बदललेला होता. २०१६ साली न्यूझीलंडमधील संशोधकांनी तो दुरुस्त केला.

ड्राफ्ट्सची आज्ञावलीही त्यांनी मार्क १साठी नव्याने लिहिली आणि १९५२च्या उन्हाळ्यापर्यंत ती पूर्ण डाव बऱ्यापैकी वेगाने खेळू लागली. कॅथोड किरण नलिकेच्या पडद्यावर पट दिसे. समोरचा खेळाडू फार वेळ घेऊ लागला, तर यंत्र अधीर झाल्यासारखे संदेश छापी. त्याच वर्षी त्यांनी प्रेमपत्रे जुळवणारी एक आज्ञावली लिहिली. शब्दांच्या याद्यांतून यंत्र यदृच्छेने शब्द निवडी, ठरलेल्या वाक्यसाच्यांत बसवी आणि खाली मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाची आद्याक्षरे छापी. गमतीखातर केलेले हे काम आज संगणकीय साहित्याच्या इतिहासात आवर्जून नोंदवले जाते.

राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ

मँचेस्टरमधील यशाची वार्ता नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचे प्रमुख लॉर्ड हॉल्सबरी यांच्यापर्यंत पोहोचली. विद्यापीठे व प्रयोगशाळांतील शोध उद्योगांपर्यंत नेण्यासाठी ब्रिटिश सरकारने ही संस्था स्थापन केली होती. स्ट्रेची यांना तेथे नोकरी देऊ करण्यात आली. शाळेचे सत्र मध्येच सोडणे त्यांना पसंत नव्हते, त्यामुळे ते जून १९५२ मध्ये रुजू झाले.

टोरंटो विद्यापीठाने फेरांटीचाच एक संगणक विकत घेतला होता. तेथे जाऊन स्ट्रेची यांनी सेंट लॉरेन्स नदीवरील जलमार्गासाठी पाण्याच्या पातळीची मोठी गणिते करून दिली. याच दौऱ्यात त्यांनी आपल्या ड्राफ्ट्सविषयी निबंध वाचला. पुढे आयबीएममधील आर्थर सॅम्युएल यांनी अनुभवातून शिकणारी चेकर्सची प्रसिद्ध आज्ञावली लिहिली. तिची प्रेरणा स्ट्रेची यांच्या कामातून मिळाली होती. मायदेशी परतल्यावर फेरांटी कंपनीच्या पेगासस या संगणकाच्या तर्करचनेत त्यांचा मोठा वाटा होता. यंत्र घडवताना त्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याची सोय प्रथम पाहावी, हे तत्त्व त्यांनी पेगाससमध्ये उतरवले. १९५६ पासून वापरात आलेला हा संगणक हाताळायला सोपा म्हणून नावाजला गेला.

कालविभागणीची योजना

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात संगणक झपाट्याने वेगवान झाले, परंतु त्यांना जोडलेली साधने संथच राहिली. छिद्रित कागदी फीत वाचणारे किंवा निकाल छापणारे यंत्र आपले काम करत असता संगणकाचा महागडा गणकभाग नुसता थांबून राही. दुसरी अडचण माणसाची होती. आज्ञावलीतील चुका शोधण्याचा उत्तम मार्ग म्हणजे यंत्रासमोर बसून ती पायरीपायरीने चालवणे. पण माणूस विचार करायला पाच मिनिटे थांबला, तर तेवढा वेळ सगळे यंत्र रिकामे राही. त्यामुळे मोठ्या संगणकाजवळ आज्ञावली लिहिणाऱ्याला फिरकूही दिले जात नसे. कागद द्यायचा, दुसऱ्या दिवशी निकाल न्यायचा, अशी पद्धत होती.

स्ट्रेची यांनी या दोन्ही अडचणींवर एकच उपाय शोधला. यंत्रात एकाच वेळी अनेक आज्ञावल्या ठेवाव्यात. एक आज्ञावली फितीची किंवा छपाईची वाट पाहू लागताच गणकभाग दुसरीकडे वळवावा. या सर्वांवर नियंत्रण ठेवण्यासाठी एक प्रमुख आज्ञावली असावी. तिला त्यांनी संचालक या अर्थाचे नाव दिले होते. यंत्र कोणाला केव्हा आणि किती वेळ द्यायचे, हे तिने ठरवावे. चुका शोधणारा माणूस आपल्या स्वतंत्र आसनासमोर बसून सावकाश विचार करू शकेल आणि त्या वेळात यंत्र इतरांची कामे उरकील. देखभाल करणाऱ्या अभियंत्यासाठीही असेच वेगळे आसन असावे, असे त्यांनी सुचवले होते.

या योजनेतील महत्त्वाचा भाग संरक्षणाचा आहे. एका आज्ञावलीतील चुकीने दुसरीची स्मृती बिघडली, किंवा त्याहून वाईट म्हणजे संचालकच बिघडला, तर सारी व्यवस्था कोलमडेल. लिहिणाऱ्यांनी काळजी घ्यावी, एवढ्यावर हे सोडून चालणार नाही, हे स्ट्रेची यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी यंत्राच्या रचनेतच काही सोयी मागितल्या. संचालक अशा स्थिर स्मृतीत असावा की जी कोणालाही पुसता येणार नाही. प्रत्येक आज्ञावलीला स्मृतीतील हद्द आखून द्यावी आणि ती ओलांडू पाहणारीला यंत्राने स्वतः अडवावे. बाहेरच्या साधनाचे काम होताच चालू काम थांबवून संचालकाला जागे करणारा संकेत असावा. चाळीतील बिऱ्हाडकरूंच्या सौजन्यावर विसंबून न राहता प्रत्येक खोलीला भिंत आणि कुलूप हवे, असा हा विचार होता.

फेब्रुवारी १९५९ मध्ये या योजनेच्या एकस्वासाठी अर्ज करण्यात आला. जूनमध्ये पॅरिस येथे युनेस्कोने भरवलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय माहितीप्रक्रिया परिषदेत स्ट्रेची यांनी यावरील निबंध सादर केला. मोठ्या व वेगवान संगणकांतील कालविभागणी, असा त्याचा विषय होता.

श्रेयाचा प्रश्न आणि आभासी यंत्रांशी नाते

कालविभागणी या शब्दाचा अर्थ पुढे बदलला आणि त्यामुळे श्रेयाचा घोटाळा झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जॉन मॅकार्थी यांनी १९५९च्या आरंभीच एका टिपणात निराळी कल्पना मांडली होती. तीत अनेक माणसे आपापल्या टंकयंत्रावरून एकच संगणक एकाच वेळी वापरणार होती. त्याच संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी १९६१ साली अशी प्रणाली प्रत्यक्ष चालवून दाखवली आणि कालविभागणी म्हणजे हीच, असा अर्थ रूढ झाला. स्ट्रेची यांचा भर मात्र अनेक माणसांपेक्षा अनेक आज्ञावल्यांवर होता. १९७४ साली डोनाल्ड क्नूथ यांनी त्यांना याविषयी पत्राने विचारले, तेव्हा नंतर रूढ झालेल्या अर्थाची कालविभागणी आपल्या निबंधात नव्हती, हे स्ट्रेची यांनी स्वतः स्पष्ट केले. अनेक आज्ञावल्या एकत्र चालवण्याचा विचारही तेव्हा एकट्या त्यांच्याकडे नव्हता. आयबीएमच्या स्ट्रेच आणि मँचेस्टरच्या ॲटलस या संगणकांचे रचनाकार त्याच दिशेने काम करत होते. त्यामुळे स्ट्रेची यांना कालविभागणीचे जनक म्हणणारी विधाने जपून घ्यावीत.

तथापि सर्व्हरवरील आभासी यंत्रांच्या दृष्टीने पाहिल्यास, स्ट्रेची यांच्या निबंधातील जो भाग पुढे मागे पडला, तोच अधिक जवळचा ठरतो. आभासीकरणात एका यजमान संगणकावर हायपरवायझर नावाची नियंत्रक आज्ञावली बसवलेली असते. तिच्यावर अनेक पाहुणी यंत्रे उभी करतात. प्रत्येकाची स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि सारा संगणक आपलाच आहे, अशा समजुतीने ती चालते. व्यवस्थापक प्रत्येक यंत्राला स्मृती, प्रोसेसरचा वाटा आणि साठवणुकीची जागा आखून देतो. यजमानाच्या क्षमतेपेक्षा अधिक वाटप केले, तर सर्वच यंत्रे मंदावतात. एक पाहुणे यंत्र बंद पडले तरी शेजारचे चालू राहते, आणि सगळी भिस्त हायपरवायझर अभेद्य राहण्यावर असते. स्ट्रेची यांनी संचालकाकडून अपेक्षिलेली कामे आणि त्याच्यासाठी मागितलेले संरक्षण यांच्याशी हे वर्णन पुष्कळ जुळते. फरक एवढाच, की त्यांच्या संचालकाखाली सुट्या आज्ञावल्या होत्या. हायपरवायझरखाली अख्खी यंत्रे असतात.

यंत्राखाली यंत्र ही दुसरी कल्पना १९५१च्या त्या नकलेत होती. परंतु तेथे प्रत्येक आज्ञेची नक्कल होत असल्याने वेग फार कमी होता. आभासी यंत्रात बहुतेक आज्ञा खऱ्या प्रोसेसरवर थेट चालतात. सामायिक साधनांना हात घालणाऱ्या मोजक्या आज्ञा तेवढ्या नियंत्रक अडवतो आणि त्यांची नक्कल करतो. हा मेळ प्रथम आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील केंद्रात रॉबर्ट क्रीसी व लेस कोमो यांनी साधला. त्यांची सीपी-४० ही प्रणाली १९६७ साली कामात आली आणि तिच्या परंपरेतील व्हीएम/३७० आयबीएमने १९७२ साली बाजारात आणली. क्रीसी व कोमो यांची प्रणाली कॉर्बातो यांच्या परंपरेतून आलेली आहे. तिचे थेट मूळ स्ट्रेची यांच्याकडे नेता येत नाही. विचारांचे साम्य मात्र नाकारता येत नाही. कोणत्या प्रोसेसरवर असा नियंत्रक उभारता येतो, याचे गणिती निकष पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ साली दिले. पुढे सर्वत्र पसरलेले इंटेल वंशाचे प्रोसेसर त्या निकषांत बसत नव्हते; म्हणून व्हीएमवेअर कंपनीला १९९९ साली अडचणीच्या आज्ञा चालता चालता बदलून घेण्याची युक्ती योजावी लागली. २००५ नंतर प्रोसेसरमध्येच त्यासाठी आधार देण्यात आला. संरक्षण यंत्राच्या रचनेतच असावे, ही मागणी १९५९ची आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

केंब्रिज : सीपीएल आणि तिची संतती

१९५९ साली नोकरी सोडून स्ट्रेची स्वतंत्र सल्लागार झाले. पीटर लँडिन हे त्यांचे साहाय्यक होते. या काळात लँडिन यांनी संगणकभाषेचा अर्थ एका काल्पनिक यंत्राच्या आधारे सांगण्याची पद्धत शोधली. १९६२ साली मॉरिस विल्क्स यांच्या निमंत्रणावरून स्ट्रेची केंब्रिजच्या मॅथेमॅटिकल लॅबोरेटरीत गेले. तेथे केंब्रिज व लंडन विद्यापीठांच्या सहकार्याने सीपीएल ही भाषा आखली जात होती. ती फार महत्त्वाकांक्षी होती आणि कधीच पूर्णपणे वापरात आली नाही. मात्र तिच्यावरून मार्टिन रिचर्ड्स यांनी बीसीपीएल ही सुटसुटीत भाषा केली, बीसीपीएलवरून अमेरिकेत बी झाली आणि बीवरून सी. लिनक्समधील केव्हीएम व झेन हे हायपरवायझर मुख्यतः सी भाषेत लिहिलेले आहेत. बीसीपीएलचे भाषांतरही आधी एका काल्पनिक यंत्राच्या आज्ञांत होई आणि मग खऱ्या यंत्राच्या. त्यामुळे ती नव्या संगणकावर नेणे सोपे जाई. आभासी यंत्र या संज्ञेचा दुसरा, भाषांच्या क्षेत्रातील अर्थ या प्रकाराशी संबंधित आहे.

१९६५ साली द कॉम्प्युटर जर्नलमध्ये त्यांचे एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. दुसरी आज्ञावली कधी थांबेल की नाही, हे नेहमी अचूक सांगणारी आज्ञावली लिहिणे अशक्य असल्याचे त्यात थोड्या ओळींत सिद्ध केले आहे. ही सिद्धता ट्युरिंग यांनी त्यांना १९५३ साली आगगाडीच्या डब्यात तोंडी सांगितली होती.

ऑक्सफर्ड

ऑक्सफर्ड विद्यापीठातील प्रोग्रामिंग रिसर्च ग्रुपची धुरा स्ट्रेची यांनी हाती घेतली, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या आसपास होते. व्यवहार आणि सिद्धान्त यांची फारकत दोघांनाही मारक ठरते, अशी त्यांची धारणा होती आणि गटाचे काम त्यांनी त्याच धोरणाने चालवले. १९६७ साली कोपनहेगन येथे त्यांनी संगणकभाषांच्या मूलभूत संकल्पनांवर व्याख्याने दिली. या व्याख्यानांची टिपणे तेहतीस वर्षे हस्तलिखित प्रतींतून फिरत राहिली आणि २००० साली छापली गेली. या विषयातील अनेक संज्ञा त्यांतून रूढ झाल्या आहेत.

१९६९ साली अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट ऑक्सफर्डला आले. आज्ञावलीचा अर्थ एखाद्या यंत्राच्या वर्तनावर अवलंबून न ठेवता निखळ गणितात कसा सांगता येईल, हा स्ट्रेची यांचा जुना प्रश्न होता. त्यासाठी लागणारा भक्कम गणिती पाया स्कॉट यांनी पुरवला. पहिली भेट आणि पाया घातला जाणे यांत केवळ काही महिने गेले. त्यातून निघालेली शाखा डिनोटेशनल सिमँटिक्स या नावाने ओळखली जाते. आयुष्याची सुरुवात ज्याने यंत्राला यंत्राची नक्कल करायला लावून केली, त्याच्या विचाराचा शेवट यंत्र बाजूला ठेवण्यात व्हावा, हे लक्षणीय आहे. व्यावहारिक काम मात्र थांबले नाही. जोसेफ स्टॉय यांच्यासह त्यांनी मॉड्युलर वन या लहान संगणकासाठी ओएस६ ही ऑपरेटिंग सिस्टिम बीसीपीएलमध्ये लिहिली. झेरॉक्स कंपनीच्या अल्टो या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तिचा प्रभाव पडला.

१९७१ साली विद्यापीठाने त्यांना संगणनशास्त्राचे व्यक्तिगत प्राध्यापकपद दिले. कनिष्ठ द्वितीय श्रेणीचा पदवीधर, विद्यावाचस्पती पदवी नसताना, या पदावर पोहोचला. वुल्फसन कॉलेजचे ते फेलो होते. त्याच वर्षी ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले.

लेखनाच्या बाबतीत ते स्वतःविषयी फार कठोर होते. मनासारखे उतरल्याशिवाय काही छापायला द्यायचे नाही, या आग्रहापायी त्यांचे बरेच काम अप्रकाशित राहिले किंवा सहकाऱ्यांच्या व विद्यार्थ्यांच्या लेखनातून लोकांपर्यंत गेले.

मृत्यू आणि स्मृती

केंब्रिज विद्यापीठाच्या ॲडम्स पारितोषिकासाठी रॉबर्ट मिल्न यांच्याबरोबर लिहिलेला मोठा निबंध त्यांनी सादर केला होता. त्याचे पुस्तकात रूपांतर चालू असताना त्यांना कावीळ झाली. काही काळ प्रकृती सुधारल्यासारखी वाटली, पण आजार उलटला आणि १८ मे १९७५ रोजी यकृतदाहाने त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. मिल्न यांनी पूर्ण केलेले पुस्तक १९७६ साली दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले. ऑक्सफर्डमधील गटाची धुरा १९७७ साली टोनी होर यांच्याकडे आली.

ऑक्सफर्ड विद्यापीठात त्यांच्या नावाने व्याख्यानमाला चालते आणि एक प्राध्यापकपदही त्यांच्या नावाने आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त तेथे परिषद भरली होती. त्यांची टिपणे, पत्रव्यवहार आणि आज्ञावल्यांची हस्तलिखिते ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जतन केलेली आहेत. ड्राफ्ट्स आणि प्रेमपत्रे यांच्या आज्ञावल्यांची मूळ पाने त्यांतच आहेत.